आराखड्यावरचा अंदाज की जागेवरची मोजणी?

नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या मोठ्या इमारतीत वायफाय बसवायचं तर दोन वाटा आहेत. सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचा आराखडा टाकून सिग्नल कुठे किती पोचेल याचा अंदाज काढणं स्वस्त. इमारत उभी राहण्याआधीही जमतं. पण आरसीसीची भिंत विटांची म्हणून भरली की सगळा हिशेब कोलमडतो.

दुसरी वाट म्हणजे स्टँडवर अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल सोडणारं यंत्र) लावून मजलाभर फिरत सिग्नल मोजणं. वेळ जातो, पण लिफ्टचा शाफ्ट, लोखंडी रॅक, त्यावरचा माल सिग्नल किती खातात ते इथेच कळतं. गोदाम भरलेलं असतानाच मोजा. वायफायवरून कॉल करायचे तर सिग्नल साधारण उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) तरी हवा, आणि तोही वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर मोजलेला. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीपलीकडे जास्त पोचतो, त्यामुळे त्यावर मोजलं तर फसगत होते.

जिप्सम पार्टिशनच्या ऑफिसला आराखडा पुरेल. गोदामात, हॉस्पिटलमध्ये मात्र मोजणीआधी केबल ओढूच नका.