वाद्यांशिवाय गाणाऱ्या हौशी गटाने कुठे गावं? मांडव, देऊळ, बाग, सभागृह की वृद्धाश्रम

सात-आठ जणांचा गट जमलाय, पाच-सहा गाणी बसली आहेत आणि कुणीतरी विचारलंय, "आमच्याकडे गाता का?" अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हे लिहिते आहे. पुण्यात आम्ही आठ जण चार वर्षं अकापेला गातो, म्हणजे फक्त गळ्यांवर. चार बायका, चार पुरुष, सगळे नोकरीधंदा सांभाळून. पेटी नाही, तबला नाही. मोबाइलवरचा तंबोरा पट्टी घेण्यापुरता लावायचा आणि बंद करायचा. शीर्षकातल्या पाचही ठिकाणी आमचं गाऊन झालंय. सुरुवातीला आम्ही जागा ठरवताना विचारायचो, लोक किती येतील? आता आधी विचारतो, आपल्याला एकमेकांचं ऐकू येईल का?

पेटी सोबत असली की गाणारा तिच्या सुराला धरून राहतो. आमच्यासारख्यांना शेजारचा गळा हीच पेटी. तो ऐकू आला नाही की प्रत्येक जण अंदाजाने गातो आणि पट्टी हळूहळू उतरते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मांडव आणि देऊळ

नव्या गटाला पहिलं आमंत्रण बहुतेक वेळा गणेशोत्सवातलंच येतं. तीनशे माणसं समोर, त्यातली निम्मी ओळखीची, पोरं पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली. एवढा श्रोता दुसरीकडे कुठेच मिळत नाही आणि त्याचा मोह मला समजतो. पण एका मांडवात आम्हाला आठ माईक सांगून तीन दिले होते आणि स्टेजवर मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर, नव्हताच. स्पीकर सगळे लोकांच्या तोंडाकडे, आम्ही त्यांच्या मागे. समोरची इमारत सतरा मीटरवर असेल तर आपलाच आवाज तिच्यावर आपटून एक दशांश सेकंदाने परत येतो. तो ऐकत गायला लागलं की लय ओढली जाते. आमचे खर्ज गाणारे काका एका टोकाला होते, त्यांना आमचं काहीच ऐकू येईना, म्हणून त्यांनी जोर लावला. दुसऱ्या दिवशी तंबोरा लावून रेकॉर्डिंग ऐकलं, तेव्हा काळी दोनमध्ये सुरू झालेलं गाणं पांढरी दोनवर, म्हणजे अर्धा स्वर खाली, संपलेलं आढळलं. टाळ्या भरपूर पडल्या होत्या, पण त्या रात्री घरी जाताना कुणी फारसं बोललं नाही.

त्याच वर्षी कार्तिकात एका जुन्या देवळाच्या दगडी सभामंडपात गायलो. साठ-सत्तर माणसं, माईक एकही नाही. आधी मी मधोमध उभी राहून एक टाळी वाजवली; तिचा नाद विरायला दोनेक सेकंद लागली. 'अकापेला' हा इटालियन शब्दप्रयोग, त्याचा अर्थच 'चॅपेलच्या पद्धतीने'. उंच दगडी छताखाली गाण्याशी या नावाचं नातं आहे, आणि त्या मंडपात ते मला पहिल्यांदा कानाने कळलं. पेटीवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा साधारण १४ सेंटनी चढा असतो (१०० सेंट म्हणजे पेटीवर लागून असलेल्या दोन पट्ट्यांतलं अंतर). पेटी नसल्यामुळे आम्हाला गंधार त्याच्या खऱ्या जागी लावता येतो, पण घरी रियाजाला तो क्वचितच तसा लागतो. इथे कडव्याच्या शेवटी षड्ज, गंधार, पंचम एकत्र धरले आणि तिघांचा मिळून एकच आवाज झाल्यासारखं वाटलं. आम्ही थांबलो तरी तो छताखाली रेंगाळत होता. गाताना माझ्या अंगावर काटा आला.

देवळाच्या अडचणीही सांगते. जलद गाणी तिथे घेऊच नका. आधीचा शब्द विरायच्या आत पुढचा येऊन बसतो आणि नुसता गलका होतो. अभंग, भूपाळी, संथ भावगीत चालतं. मध्येच कुणी दर्शनाला आलं की घंटा वाजणार, आणि तिचा नाद तुमच्या सुराशी जुळणार नाही. भाविकाला थांबवायचं नाही, आपण ओळ संपवून क्षणभर थांबायचं. विश्वस्तांना आधी गाण्यांची यादी दाखवा. आणि सतरंज्या फक्त लोकांच्या बाजूला घाला, तुमच्या पायाखाली उघडी फरशी राहू द्या.

मांडव घ्यायचाच असेल तर मंडळाला फोनवर नेमकं विचारा: माईक किती, मॉनिटर आहे का, जनरेटर कुठे, आमच्या आधी कोण. आधी ऑर्केस्ट्रा असेल तर नम्रपणे दुसरा दिवस मागा. सगळ्यात चांगली वेळ आरती संपल्यासंपल्याची, लोक उभे असतात आणि शांत असतात. उशिराची वेळ घेऊ नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर तुमचं शेवटचं गाणंच कापलं जाईल.

बाग आणि सभागृह

बागेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने खाली येतो, भिंत नाही, छत नाही, रस्ता जवळ. सकाळी साडेसहाला, पाठीशी भिंत घेऊन, फिरायला आलेल्या वीस-पंचवीस जणांसाठी गाणं छान होतं. महापालिकेची बाग असेल तर परवानगी काढा.

सभागृहाची गोष्ट वेगळी. दीडशे खुर्च्यांच्या ठिकाणी आलेला माणूस तुमच्यासाठीच आलेला असतो, ही जाणीव गटाला एका संध्याकाळीत मोठं करते. पण भाडं पडतं, आणि मखमली पडदे आवाज पिऊन टाकतात. पडद्यापासून जितकं पुढे येता येईल तितकं या, सरळ रांग न करता अर्धवर्तुळ करा आणि खर्ज मध्ये ठेवा. भाडं भरून काढायला तिकीट लावायचा विचार लगेच येतो. त्याआधी एक लक्षात घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ हौशी मंडळांना विनामूल्य श्रोत्यांपुढे गाण्याची मुभा देतं. तिकीट लावलंत की ती मुभा जाते आणि चित्रपटगीतांसाठी रीतसर परवाना घ्यावा लागतो. संतांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्यांना अलीकडे कुणी लावलेली चाल मात्र त्या संगीतकाराची असते.

वृद्धाश्रम

याला कुणी 'कार्यक्रम' म्हणत नाही, म्हणून गट तो विचारातच घेत नाहीत. माझं मत उलट आहे. जेवणाची खोली, बुटकं छत, तीस माणसं आणि तुम्ही त्यांच्यापासून दोन हातांवर. आवाज घुमत नाही त्यामुळे एकमेकांचं स्वच्छ ऐकू येतं आणि चुकाही स्वच्छ ऐकू येतात. श्रवणयंत्र लावलेल्या आजी-आजोबांना मोठा आवाज टोचतो, म्हणून आपोआप हळू गाणं होतं, आणि हळू गायलं की आठ गळे लवकर मिसळतात. पंखे बंद करायची विनंती करा, चाळीस मिनिटांत आटपा.

एकदा तिसऱ्या गाण्याला खिडकीपाशी बसलेल्या एक आजी दुसरा अंतरा आमच्या आधीच म्हणायला लागल्या, त्यांच्या पट्टीत, आमच्याहून दोन स्वर खाली. आम्ही बघत राहिलो, मग खर्जवाल्या काकांनी त्यांचा सूर धरला आणि बाकीचे एकेक करून खाली उतरलो. त्यांना कळलंही नाही. मांडवात नकळत पट्टी उतरली होती, इथे आम्ही ती जाणून उतरवली, कारण त्यांचा आवाज ऐकू येत होता.

म्हणून माझा क्रम असा: पहिले दोन-तीन वेळा वृद्धाश्रम किंवा कुणाच्या घरची बैठक, मग देऊळ, वर्षभराने सभागृह. मांडव मॉनिटर मिळाला तरच, बाग हौस म्हणून. कुठलीही तारीख कबूल करण्याआधी गटातल्या दोघांनी त्याच वारी, त्याच वेळेला तिथे जाऊन यावं. गट उभा राहील त्याच्या दोन टोकांना उभं राहून, माईकशिवाय, एक ओळ हळू गावी. दोघांना एकमेकांचे शब्द कळले तर होकार कळवा.