इंजिनाने मान टाकलेला ट्रक: बांधायचा की विकायचा?

चाकणहून माल भरून कोल्हापूरकडे निघालेली गाडी खंबाटकीच्या चढावर तापते. ड्रायव्हरचा फोन येतो, गाडी टोचन करून आणावी लागते. मिस्त्री म्हणतो, "इंजिन उतरवावं लागेल." त्याच संध्याकाळी एजंट दारात हजर असतो, "आहे तशी द्या, उद्या पैसे." या दोघांच्या आकड्यांमध्ये सापडलेल्या माणसासाठी हे लिहितोय, कारण २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या दोन गाड्या पाठोपाठ बसल्या. एक २०१३ ची टाटा ११०९, दुसरी २००६ ची १६१३. पहिलीचं इंजिन आम्ही उघडून नव्याने बांधलं, दुसरी आहे तशी विकली. खर्चाचा अंदाज दोन्हीकडे जवळपास सारखाच होता, तरी निर्णय वेगळे झाले.

आधी नेमकं काय बिघडलंय ते कळायला हवं. "इंजिन गेलं" या दोन शब्दांत पंधरा हजारांचं कामही बसतं आणि दोन लाखांचंही. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर चोंदलाय, डिझेल फवारणारे नोझल खराब आहेत, नाहीतर टर्बो हवा देत नाही. हे वरवरचं काम, यासाठी कोणी गाडी विकू नये. निळसर धूर आणि तेलाची पातळी सारखी खाली जाणं म्हणजे इंजिन तेल खातंय. तिथेही एकदम लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि पिस्टनवर उडी नको. टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्हचं सील गेलं तरी असाच धूर येतो. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण सैल करा. आतून भक्-भक् दाब येत असेल तर रिंग आणि लायनर झिजलेत असं समजायला हरकत नाही. पांढरा धूर, रेडिएटरचं पाणी कमी होणं, थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे, ही हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांमधली पट्टी, गेल्याची लक्षणं. वेळीच गाडी थांबवली तर हेड प्लेन करून भागतं. पण डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) दुधी चहासारखं, म्हणजे पाणी मिसळलेलं तेल दिसत असताना कोणी गाडी पन्नास किलोमीटर रेटली, तर बेअरिंगं गेलीच म्हणा, आणि मग क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) घासून घेण्यापर्यंत काम जातं. म्हणून अंदाजपत्रक मागण्याआधी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. मोजायला तयार नसलेल्या मिस्त्रीकडे इंजिन उघडू देऊ नका.

आता चासीकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे वळा. माझं ठाम मत आहे की निर्णय इंजिनावर नाही, चासीवर आणि कागदांवर होतो. इंजिन नव्याने बांधता येतं, पण वेल्डिंगचे जोड मारलेली चासी आणि गाडीचं वय बदलता येत नाही. आमच्या ११०९ ची चासी सरळ होती, गिअरबॉक्स आणि मागच्या अॅक्सलचं हाऊसिंग धड होतं, गिऱ्हाईक बांधलेलं होतं. १६१३ ला मागच्या कमानीजवळ (पाट्यांच्या स्प्रिंगजवळ) चासीला तडा गेलेला, केबिनचा पत्रा कुजलेला. तिच्यात नवं इंजिन बसवून पुढचा खर्च बॉडीचा आणि त्यापुढचा टायरचा आलाच असता.

वयाचा हिशेब लोक विसरतात. माल वाहतुकीच्या गाडीला पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात ८ वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. गाडीचं वय वाढेल तशी पासिंगची फी चढते आणि तपासणीही कडक होते. शिवाय चाकणच्या काही कंपन्या ठराविक वयापुढची गाडी गेटवर घेत नाहीत. म्हणजे इंजिन नवं करूनही भाडं हलकंच मिळणार.

पैशाची तुलना अशी करून बघा. आकडे समजण्यापुरते धरा. चालू गाडीला बाजारात ५ लाख, बंद गाडीला ३ लाख, इंजिनाचं काम दीड लाख. वरवर बघता दुरुस्त करून विकण्यात ५० हजार सुटतात. पण गाडी महिनाभर उभी राहते, त्या काळात हप्ता, विमा आणि ड्रायव्हरचा पगार चालूच असतो. हेड उघडल्यावर "हेही बदलावं लागेल" म्हणून वाढणारा खर्च वेगळा. त्यात घेणारा माणूस ताज्या बांधलेल्या इंजिनाकडे संशयानेच बघतो. लेथचं, सुट्या भागांचं बिल दाखवता आलं नाही तर तो त्या कामाचे पैसे धरत नाही. म्हणून फक्त विकण्यासाठी मोठं इंजिन काम करू नये. निदान दोन-तीन वर्षं गाडी स्वतः चालवायची असेल तरच करावं. नोझल, गॅस्केट यांसारखं छोटं काम मात्र विकण्याआधी जरूर करा. गाडी स्वतःच्या चाकांवर दाखवता आली की भाव चढतो.

गाडी कुठल्या पिढीची आहे हेही बघा. एप्रिल २०१७ पूर्वीच्या बहुतेक जड गाड्या बीएस-३ (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष). साधा पंप, साधी नोझल, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत काय आणि आडवाटेच्या गावात काय, बांधणारा मिळतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल फवारणी), सेन्सर, धुराचा फिल्टर, धूर स्वच्छ करायला युरिया. तिथे स्कॅनर नसलेल्या मिस्त्रीने अंदाजाने सुटे भाग बदलत जाणं फार महागात पडतं.

विकायचं ठरलं तर घाई करू नका. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ देऊन उतरवून घ्या. फॉर्म २९ आणि ३० भरा, परराज्यात जात असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. गाडीची अवस्था अगदीच वाईट असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचा पर्याय आहे. तिथे जमा प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या व्यावसायिक गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. भंगारवाल्याने चार हजार जास्त दिले तरी ते प्रमाणपत्र त्याच्याकडे नसतं, आणि आरसी रद्द झाली की नाही याची जबाबदारी तुमच्यावरच राहते.

"नाव नंतर करून घेतो" हे वाक्य कोणाकडूनही मान्य करू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की नोंदणीवर ज्याचं नाव, तोच मालक. मध्ये गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईचं दायित्व त्याच्याकडे येतं.

आमची १६१३ फलटणच्या एका वाळूवाल्याने नेली. त्याच्याकडे तसंच इंजिन पडून होतं, त्यामुळे त्याला ती परवडली. अर्धे पैसे आधी घेतले. उरलेले, परिवहनच्या साइटवर त्याचं नाव दिसल्यावर. त्याच दिवशी दुसरी चावी दिली.