विज्ञान प्रदर्शनासाठी हार्बर सील की ऑलिव्ह रिडले कासव?

‘सागरी प्राण्यांचं अनुकूलन’ असा विषय मिळालाय, टेबल एकच आहे आणि घोडं या दोन प्राण्यांपाशी अडलंय, तर आधी हातातले दिवस मोजा. चारच दिवस उरले असतील तर सील घ्या. दोन आठवडे असतील तर कासव, कारण त्यात मुलांच्या स्वतःच्या नोंदी तयार होतात.

सीलचा प्रयोग चरबीचा. हार्बर सील उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर राहतो. वजन 55 ते 170 किलो, कातडीखाली चरबीचा जाड थर. पिल्लू एका वेळी एकच. जन्मल्यावर काही तासांत पोहू लागतं आणि महिनाभर भरपूर स्निग्धांशाचं दूध पितं. प्रयोगासाठी झिपच्या दोन पिशव्या एकात एक घालून मध्ये पाव किलो डालडा थापायचा, आतल्या पिशवीत हात घालून तो बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. हमखास होणारी चूक म्हणजे तुलनेसाठी दुसरा हात उघडाच बुडवणं. पिशव्यांत अडकलेली हवाही थंडी अडवते, त्यामुळे दुसऱ्या हातालाही तशाच दोन पिशव्या हव्यात, फक्त डालडा नको. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या उन्हात डालडा पातळ होऊन तळाशी उतरतो. हा प्रयोग थंडीतच करावा.

पोस्टरवर चित्र लावताना कान बघा. नाकावर चेंडू तोलणारा तो बहुतेक वेळा समुद्री सिंह असतो. त्याला बाहेर कान असतात, सीलला नुसती भोकं.

कासवाचा प्रयोग वाळूचा, आणि खरी गंमत इथे आहे. ऑलिव्ह रिडलेची मादी साधारण दीड फूट खड्ड्यात शंभरेक अंडी घालून समुद्रात परतते. 45 ते 60 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. ती नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं: साधारण 30 अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. यासाठी बांधकामाची चाळलेली वाळू आणि दीड फूट खोलीचे दोन प्लास्टिकचे ड्रम घ्या. एक उन्हात, एक सावलीत. प्रत्येकात 5 आणि 40 सेंटिमीटर खोलीवर लांब तारेचा, फिशटँकसाठी मिळतो तसला डिजिटल थर्मामीटर पुरा. काचेचा नको, बाहेर ओढेपर्यंत आकडा बदलतो. सकाळी 7, दुपारी 2 आणि रात्री 9 ला नोंद.

वरचा थर दुपारी चांगलाच तापतो, खालचा फारसा हलत नाही. तुमच्याकडे खालचा आकडाही दुपारी उसळत असेल तर दोष ड्रमचा: बाजूंना ऊन लागून वाळू कडेने तापते. ड्रम काठापर्यंत जमिनीत पुरा; गच्चीवर असाल तर सगळीकडून गोणपाटाचे तीन-चार थर गुंडाळा. पाणी दोन्हींत मोजून सारखंच घाला, कारण ओल जास्त तिथे बाष्पीभवनाने तापमान उतरतं आणि ऊन-सावलीची तुलनाच बिघडते.

मॉडेलसाठी महादेवाच्या देवळातलं दगडी कासव समोर ठेवू नका. त्याला पाय असतात. रिडलेला वल्ह्यासारखे पर असतात आणि डोकं कवचात ओढून घेता येत नाही. कवच 60 ते 70 सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या मापाचं मॉडेल पुठ्ठ्यात सहज होतं. सीलचं तसं करायला गेलात तर अख्खं टेबल त्यातच जाईल.

प्रत्यक्ष पाहण्यात तर तुलनाच नाही. भारताच्या किनाऱ्यावर सीलची वस्ती नाही. रिडलेची पिल्लं मात्र मंडणगड तालुक्यातल्या वेळासला दिसू शकतात; चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे 2002 मध्ये घरट्यांचं संरक्षण सुरू केलं. हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पिल्लं कोणत्या दिवशी निघतील याचा नेम नसतो, त्यामुळे नाशिकहून जाणार असाल तर दोन मुक्काम धरा आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. पिल्लं उजेडाकडे वळतात.

टेबलावर ‘जिवंत नमुना’ म्हणून गोदावरीतलं कासव मात्र आणू नका. आपल्याकडची कासवं पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.