‘लेडीज’ स्मार्टवॉच की नेहमीच्याच घड्याळाचा लहान आकार?

स्मार्टवॉच घ्यायचं पक्कं आहे, पण ‘लेडीज’ कप्प्यापाशी येऊन गाडी अडली आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. माझ्यासमोर दोन पर्याय होते: सोनेरी कडेचं, साखळीच्या पट्ट्याचं नाजूक घड्याळ, नाहीतर सगळ्यांसाठी निघणाऱ्या मॉडेलचा लहान आकार, काळा, रबरी पट्ट्याचा. दोन्ही वापरून झाली आहेत.

दिसण्यात पहिलं सरस, यात वाद नाही. काठापदराच्या साडीवर, हिरव्या बांगड्यांशेजारी ते दागिन्यासारखं शोभतं. काळं घड्याळ तिथे उपरं वाटतं.

मला नडला तो पट्टा. घड्याळाच्या तळाचा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्ताच्या प्रवाहाप्रमाणे कमी-जास्त परत येतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. त्यासाठी तळ मनगटाला नीट टेकलेला हवा. ब्रेसलेटची शोभा मात्र सैलपणात! पर्वतीच्या पायऱ्या चढताना ते घसरून मनगटाच्या हाडावर यायचं आणि मला धाप लागलेली असताना आकडा मात्र निवांत बसल्याचा दाखवायचं. आवळावं तर एका कडीने रुततं, सोडावं तर पुन्हा घसरतं. बांगड्या मागे सारा, घड्याळ वर ओढा, थांबा, पुन्हा बघा. चालण्याची लय रोज अशी तुटू लागली, तेव्हा माझा निर्णय झाला. रबरी पट्ट्याला जवळजवळ भोकं असतात. हाडाच्या जरा वर बांधलं की विसरून जाता येतं.

नाजूक मॉडेलांत कधीकधी सोयीही कापलेल्या असतात, तेवढं तपासा. गार्मिन कंपनीच्या ‘लिली’ या नाजूक घड्याळाच्या पहिल्या मॉडेलमध्ये चाललेली वाट नोंदवणारं स्वतःचं जीपीएस नव्हतं, त्यासाठी फोन सोबत न्यावा लागे. ते आलं 2024 च्या लिली 2 ॲक्टिव्हमध्ये. आपल्या बहुतेक कपड्यांना खिसे नसतात, म्हणजे ज्यांना फोन घरी ठेवून निघण्याची खरी गरज, त्यांच्याच घड्याळातून ही सोय वगळलेली. हे मला खटकतं.

लहान आकाराचीही किंमत मोजावी लागते. गार्मिनच्याच व्हेनू 3 या घड्याळाची बॅटरी कंपनी 14 दिवसांपर्यंत सांगते, त्याच्याच लहान आकाराची, 3एसची, 10. माझ्या मते तेवढं चालतं.

ॲपलने 2015 मध्ये आपल्या घड्याळाचे आकार बायकांचं-पुरुषांचं न म्हणता 38 आणि 42 मिलिमीटर एवढेच सांगितले. त्याच वर्षी मोटोरोलाने मोटो 360 या स्मार्टवॉचचं बायकांसाठी वेगळं मॉडेल काढलं, तेही पुरुषांच्या एका मॉडेलसारखं 42 चंच, फक्त अरुंद पट्ट्याचं. मला ॲपलची रीत पटते. बारीक मनगटाच्या पुरुषांनाही तीच सोयीची. घालून बघताना पट्टा जोडतो ती टोकं मनगटाबाहेर जात नाहीत ना, एवढं पाहावं.

ऑफिस, समारंभ आणि फोनवरचे मेसेज एवढाच वापर असेल, तर सोनेरी घड्याळ खुशाल घ्या. रोज चालणार असाल तर मी काळं सुचवेन. सहज निघणाऱ्या पिनांचा पट्टा असलेलं बघा, म्हणजे लग्नापुरता सोनेरी पट्टा वेगळा घेऊन घरच्या घरी बदलता येतो.