आडवी एसटी उभी करताना: क्रिटाचं क्रॉप आणि रिसाइझ

पावसाळ्याच्या तोंडावर शाळेसाठी चार सेकंदांची एक एसटी काढली. कुंभार्ली घाटातलं वळण, मागे डोंगर, तिरका पाऊस, आणि डावीकडून येऊन उजवीकडे निघून जाणारी लाल गाडी. सेकंदाला २४ फ्रेम, एकेक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे ४८ चित्रं. गाडी सरकवता येते, पण चाकं आणि उडणारं पाणी दर वेळी नव्याने काढायला लागतं. आठवडा गेला. मुख्याध्यापकांना लॅपटॉपवर दाखवलं. ते म्हणाले, "झकास झालंय मॅडम. फक्त उभं करून द्या. पालकांच्या ग्रुपवर आडवं टाकलं की एसटी मुंगीएवढी दिसते."

उभं करून द्या. जसं काही गादी आहे, भिंतीला टेकवली की झालं.

मी कलाशिक्षिका आहे, अ‍ॅनिमेशन शिकलेली नाही. चित्रं काढायला क्रिटा हे सॉफ्टवेअर वापरते कारण ते फुकट आहे, आणि फुकट असूनही कुठे वॉटरमार्क नाही की 'पुढचं पैसे भरल्यावर' नाही. मुक्त सॉफ्टवेअर आहे, केडीई नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींच्या परिवारातलं. नाव स्वीडिश शब्दावरून घेतलंय, अर्थ खडू. खडू हातात घेऊन अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला हे आवडणारच. २०१६ साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्यात फ्रेम-बाय-फ्रेम अ‍ॅनिमेशन आहे. पण ब्रशबद्दल, ओनियन स्किनबद्दल (म्हणजे मागचं-पुढचं चित्र फिकट दिसण्याची सोय) लोकांनी भरपूर लिहिलंय. मला आज फक्त कॅनव्हास कापण्या-वाढवण्याबद्दल बोलायचंय, कारण माझी एसटी तिथेच वाचली.

माझा मूळ कॅनव्हास १९२० बाय १०८०. हवा होता १०८० बाय १९२०. पहिला विचार कुणाच्याही मनात येतो तोच आला: मधला उभा पट्टा कापून काढू. कीबोर्डवर सी दाबलं की क्रॉपचं साधन हातात येतं. मग हिशेब केला. उंची १०८० असेल तर ९:१६ साठी रुंदी येते ६०७.५. अर्धा पिक्सेल कुठून आणू? ६०७ घ्यावं तर विषम, आणि नेहमीच्या एमपी४ व्हिडिओला दोन्ही मापं सम लागतात. म्हणून ६०८. ठीक. पण ६०८ चं १०८० करायचं म्हणजे चित्र पावणेदोन पटीहून जास्त ताणायचं. करून पाहिलं. एसटीच्या कडेची काळी रेघ, जी मी श्वास रोखून ओढली होती, ती पिंजलेल्या कापसासारखी दिसायला लागली. कंट्रोल-झेड.

इथे थांबून मेनू नीट वाचला. क्रिटात इमेज मेनूखाली दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्यात. 'स्केल इमेज टू न्यू साइज' चित्रच लहान-मोठं करतं. 'रिसाइझ कॅनव्हास' चित्राला हात लावत नाही, फक्त खालचा कागद बदलतं. नावं अगदी जुळ्या बहिणींसारखी, शॉर्टकटही कंट्रोल-ऑल्ट-आय आणि कंट्रोल-ऑल्ट-सी, त्यामुळे घाईत हमखास चुकीचीला हाक मारली जाते. माझं मत विचाराल तर ही नावं आणखी दूरदूरची हवी होती.

रिसाइझ कॅनव्हासच्या खिडकीत प्रमाण बांधून ठेवणारी खूण आधी काढून टाकायची, नाहीतर एक आकडा बदलला की दुसरा आपोआप पळतो. रुंदी १०८०, उंची १९२०. खाली नऊ बटणांची चौकट असते, त्यातलं मधलं दाबलं. एक्ससमोर उणे ४२०, वायसमोर ४२० आलं. म्हणजे डावी-उजवीकडून ४२० पिक्सेल आत, आणि वर-खाली ४२० पिक्सेल नवी जागा. एसटी होती तेवढीच राहिली, रेघही तशीच टोकदार. वर आभाळ वाढवलं, खाली ओला रस्ता आणि एक डबकं काढलं. पार्श्वभूमी स्थिर होती म्हणून हे एकदाच करावं लागलं, ४८ वेळा नाही.

आता खरी गोष्ट. डावी-उजवीकडचे ते ४२० पिक्सेल गेले कुठे? कुठेच नाही. कॅनव्हासच्या बाहेर, दिसत नाहीत, पण लेयरमध्ये, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांत, आहेत. मूव्ह टूलने डोंगराचा लेयर ओढला तर बाहेरचा डोंगर आत आला! फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली, तरी होता. लहानपणी आई शाळेचा फ्रॉक शिवायची तेव्हा खाली चार बोटं कापड आत दुमडून टीप घालायची. जूनमध्ये मी वाढलेली असायचे, मग टीप उसवायची आणि फ्रॉक खाली यायचा. हे तसं आहे. कापड कापलेलं नाही, दुमडलंय.

क्रॉप टूलमध्येही ही सोय आहे, फक्त डोळे उघडे ठेवून वापरायला हवी. टूलच्या पर्यायांत क्रॉप कशाला लावायचं ते विचारतात. 'इमेज' निवडलंत तर ती कात्री: चौकटीबाहेरचं सगळ्या लेयरमधून जातं. 'लेयर' निवडलंत तर फक्त हातातला लेयर कापला जातो. 'कॅनव्हास' निवडलंत तर दुमड. 'ग्रो'वर खूण केली तर चौकट कागदाबाहेरही ओढता येते, म्हणजे क्रॉपनेच कागद वाढवता येतो. चौकटीवर मदतीच्या रेषाही येतात, त्यात एक चक्क 'पासपोर्ट फोटो' नावाची आहे. तिचा मला आजवर उपयोग झालेला नाही, पण दर वेळी दिसली की तालुक्याच्या गावचा फोटो स्टुडिओ आठवतो.

आणि हो, 'ट्रिम टू इमेज साइज' नावाची आज्ञा आहे. फाइल फार जड झाली की बाहेरचं कापड छाटायला ती उपयोगी. पण ती पक्की कात्री. दाबण्याआधी फाइल मेनूतलं 'सेव्ह इन्क्रिमेंटल व्हर्जन' वापरा, नवा क्रमांक लागून प्रत तयार होते. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. पूर्वी टॅबलेटवर दुसरं एक अ‍ॅप वापरायचे. त्यात क्रॉप केलं, सेव्ह केलं, झोपले. सकाळी म्हशीला शेपूट नव्हतं. तीस चित्रांत नव्हतं. सूचना न वाचण्याचा दोष माझा, पण तेव्हापासून कुठल्याही अ‍ॅपमध्ये क्रॉपचं बटण दाबताना माझा हात थबकतो.

स्केलबद्दल थोडक्यात. तिथे फिल्टर, म्हणजे ठिपके लहान-मोठे करायच्या पद्धती, निवडायला मिळतात. साध्या चित्राला कडा मऊ ठेवणारं बायक्युबिक चालतं. पण सातवीच्या एका मुलाने ६४ बाय ६४ च्या चौकटीत ठिपक्या-ठिपक्यांचा खेकडा केला होता, तो दहापट करायचा होता. त्याला 'बॉक्स' निवडलं आणि प्रत्येक ठिपका जसाच्या तसा मोठा चौकोन झाला. बायक्युबिकने तोच खेकडा आजारी दिसत होता. आणि पुढे कापाकापी होणार म्हणून सुरुवातीलाच भला मोठा कॅनव्हास घेऊ नका. ३८४० बाय २१६० म्हणजे माझ्या मापाच्या चौपट पिक्सेल, तेही दर चित्राला. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपला एवढं ओझं मी घालणार नाही. अंगापेक्षा बोंगा मोठा.

एक अडचण उरली, ती सॉफ्टवेअरची नव्हे. कागद अरुंद झाल्याने गाडी १५ फ्रेम उशिरा आत येते आणि १५ फ्रेम आधी बाहेर जाते. तेवढा वेळ नुसता पाऊस. मी तो ठेवला, गाडी येण्याआधी रिकाम्या रस्त्यावर 'आधी थांबा' असं लिहिलं आणि ती गेल्यावर शेवटी 'आता जा'. आडव्या चित्रापेक्षा हे बरं झालं, असं मलाच वाटतं.

क्रिटाला पाचपैकी साडेचार देते. अर्धा त्या जुळ्या बहिणींसाठी कापला.

ग्रुपवर व्हिडिओ गेला, अंगठे आले. चार दिवसांनी मुख्याध्यापकांचा पुन्हा फोन. "मॅडम, पालकसभेला हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लावायचंय. तेवढं आडवं मिळेल का?" मी फोन खांद्याने धरला, कंट्रोल-ऑल्ट-सी, १९२०, १०८०, मधलं बटण. गाडी डावीकडच्या कडेपासून निघाली, चारही चाकांसकट. "उद्या देते सर," म्हणाले. लगेच दिलं असतं तर पुढच्या वेळी चौकोनी मागतील.