व्हॅली ऑफ फ्लॉवर्स की सांदकफू? साठी ओलांडलेल्यांसाठी

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळच्या फेऱ्या झाल्या की पावसाळ्याच्या तोंडावर हा विषय निघतोच. कुणीतरी नुकतंच रिटायर झालेलं असतं, कुणाच्या सुनेने ग्रुप ट्रेकची जाहिरात पाठवलेली असते, आणि मग मला विचारणा होते, "तुम्ही दोन्हीकडे जाऊन आलात ना? मग आम्ही कुठे जावं?" कट्ट्यावर या प्रश्नाचं उत्तर धड देता येत नाही. मध्येच कुणीतरी स्वतःच्या कैलास-मानसरोवराची गोष्ट सुरू करतं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आमची पार्श्वभूमी आधी सांगतो, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स केली तेव्हा मी ६१ वर्षांचा होतो, पश्चिम बंगालमधल्या सांदकफूला ६३ चा. दोन्ही वेळा मुंबईतूनच निघालेला ज्येष्ठांचा ग्रुप आणि बरोबर सौ. आमचे चौघे गुडघे अजून मूळचेच आहेत, पण कुरकुरतात. आम्ही थांबत नाही, धापा टाकून कुणाला घाबरवत नाही, फक्त हळू चालतो. ग्रुपमध्ये शेपटाला जे दोघं-तिघं असतात, ते आम्ही. तुम्ही पुढे पळणाऱ्यांतले असाल तर खालचं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही, हे आताच कबूल करतो.

फुलांबद्दल वाद नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात व्हॅलीत पुष्पावती नदीच्या काठाने वर आलात आणि ढग जरा बाजूला झाले, की दरीचा अख्खा उतार गुलाबी-जांभळा दिसतो. तेरड्याचाच हिमालयातला भाऊबंद, पण डोक्याएवढा उंच. आमच्या ग्रुपमधल्या पार्ल्याच्या काकू, ज्या बसमध्ये दोन दिवस सीटवरून भांडत होत्या, त्या तिथे दहा मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना वाट चुकून या दरीत उतरला आणि तिथून तिचं नाव जगभर झालं. १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली, २००५ मध्ये नंदादेवीच्या जोडीने जागतिक वारशात गेली. उद्यान साडेसत्याऐंशी चौरस किलोमीटरचं आहे, पण तुमच्या-माझ्या वाट्याला त्यातली एक पायवाट येते. सांदकफूला नोव्हेंबरात फुलाचं नाव काढू नका. तिकडे एप्रिलमध्ये गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो. पण तेव्हा शिखरं ढगात राहण्याची शक्यता जास्त. एक घ्या, एक सोडा.

प्रवासाचं थोडक्यात. सांदकफूसाठी मुंबईहून बागडोगऱ्याला विमान, तिथून तीन-चार तासांत मानेभंज्यांग, जिथून चालणं सुरू होतं. व्हॅलीसाठी डेहराडून किंवा हरिद्वार गाठायचं, मग एक अख्खा दिवस बद्रीनाथच्या रस्त्यावर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग असं करत जोशीमठाच्या बाजूला, दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, पुलना आणि तिथून मुक्कामाच्या घांघरिया गावापर्यंत दहाएक किलोमीटरची चढण. फुलं पावसाळ्यात फुलतात आणि दरडीही पावसाळ्यातच कोसळतात. आम्ही जाताना पाच तास एका वळणावर बसून होतो. समोर जेसीबी, मागे गाड्यांची रांग आणि बसमध्ये अंताक्षरी. माळशेज बघितलेल्या माणसाला दरडीचं भय नसतं, पण पाच तासांत बाथरूम नसल्याचं असतं. या वयात ते भय जास्त खरं.

आता मुद्द्याची गोष्ट. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण माझा निर्णय तिच्यावरच झाला.

घांघरियाहून सकाळी नाश्ता करून निघालो. सतरा जण, दोन लीडर. एक सगळ्यात पुढे, दुसरा मधल्यांच्या आसपास. उद्यानाच्या फाटकावर परवाने झाले, नदीवरचा पूल ओलांडला आणि दगडी वाटेची खडी चढण लागली. पुढचे सात-आठ जण एखाद्या वळणावर पोचायचे, बसायचे, भडंगाची पिशवी उघडायचे, फोटो काढायचे. श्वास जाग्यावर यायचा त्यांचा. पंधराएक मिनिटांनी आम्ही दोघं आणि मुलुंडचे एक काका तिथे पोचायचो, घामाने आणि पावसाने सारखेच भिजलेले. मी काठी दगडाला टेकवून खाली बसायला जागा शोधतोय तोवर लीडर अगदी प्रेमाने म्हणायचा, "आलात काका? मस्त! चला, आता सगळे आले, निघूया."

म्हणजे बघा, ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना पाव तास मिळाला आणि ज्यांना होती त्यांना मिळाली शाबासकी. हे एकदा झालं तर हसून सोडून देतो माणूस. त्या दिवशी हे पाच-सहा वेळा झालं. घड्याळ लावून मोजलं नाही, पण दिवसभरात मी जी एक चिक्की खाल्ली ती उभ्याने खाल्ली, एवढं नक्की आठवतंय. मुलुंडचे काका तर तिसऱ्या थांब्यापासून लीडरला लांबूनच हात करायचे, "अरे बाबा, आम्ही अजून आलो नाही असं समज!"

लीडरवर राग नाही माझा. पोरगा सत्तावीस-अठ्ठावीसचा, काकूंच्या पिशव्या स्वतः उचलणारा. खरी गोची उद्यानाच्या नियमांत आहे आणि नियम योग्यच आहेत. आत मुक्काम करता येत नाही, संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचं, आत चहाची एक टपरी नाही. घोडे-खेचरं फाटकाच्या बाहेरच राहतात. फार तर पाठीवर टोपली घेतलेला कंडीवाला करून आत जाता येतं. १९८२ नंतर तिथली गुरंचराईसुद्धा बंद झाली. मग लीडरकडे उरतं फक्त घड्याळ. पुढच्यांना रोखलं तर ते कुरकुरतात, मागच्यांना बसू दिलं तर परतायला उशीर. तो बिचारा दोन्ही टोकं सांभाळत मधल्यांबरोबर चालतो.

माझी एक इच्छा होती. जोन मार्गारेट लेग नावाची एक इंग्रज वनस्पतीअभ्यासक १९३९ मध्ये फुलं गोळा करायला या दरीत आली आणि कड्यावरून पाय घसरून तिथेच गेली. तिचं थडगं दरीत आहे. ते बघायचं असं मी मुंबईहूनच ठरवून गेलो होतो. दोन वाजता लीडरने सगळ्यांना मागे फिरवलं. थडगं अजून बरंच पुढे होतं. पुढच्या फळीतले चार जण तिथे जाऊन, फोटो काढून परतही आले होते. त्यांनी तो फोटो मला मोबाइलवर दाखवला. आपुलकीनेच दाखवला हो, पण मला काय वाटलं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी हेमकुंड साहिब, सरोवराकाठचं शिखांचं गुरुद्वारा. सहा किलोमीटर, पण चढ असा की चार हजार मीटरच्या वर जाऊनच संपतो. आम्ही सरळ घोडे केले. ओल्या फरसबंदीवर घोड्याचा पाय सरकतो तेव्हा आपण देवाचं नाव घेतो आणि बाजूने अनवाणी चढणाऱ्या पंजाबी आजीबाई आपल्याआधी पोचतात. वर लंगरमधली गरम खिचडी आणि चहा, सरोवरावर धुकं आणि दगडांच्या खाचांत ब्रह्मकमळं. तो दिवस व्हॅलीच्या दिवसापेक्षा सुखाचा गेला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

सांदकफूची वाट सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून जाते, भारत-नेपाळच्या सीमेवरूनच. उजवा पाय भारतात, डावा नेपाळात असं कितीतरी वेळ चालू असतं. सशस्त्र सीमा बलाच्या चौक्यांवर ओळखपत्र दाखवावं लागतं, तेव्हा ते बॅगेच्या तळाशी ठेवू नका. मानेभंज्यांगहून पहिल्या दिवशी तुमलिंग, दुसऱ्या दिवशी गैरीबास करून कालीपोखरी, तिसऱ्या दिवशी फक्त सहा किलोमीटर आणि सांदकफू, ३,६३६ मीटर, पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण. शेवटची चढण विखेभंज्यांगनंतर छाती भरून आणते, पण तेव्हा मुक्काम नजरेच्या टप्प्यात असतो.

इथे तोच प्रश्न आपोआप सुटला. चित्रे, मेघमा, तुमलिंग, जौबारी, गैरीबास, कायाकाट्टा अशी दर थोड्या अंतरावर वस्ती आहे आणि वस्ती म्हटली की चूल आलीच. पुढचे आधी पोचले तरी चहा टाकायला, मोमो उकडायला वेळ लागतोच ना. आम्ही शेवटी पोचायचो तेव्हा बहुतेकदा थाळ्या मांडल्या जात असायच्या. जेवण सोडून कोण उठणार? कायाकाट्ट्याला आम्ही पोचलो तेव्हा मुलुंडचे काका (हो, तेच, तेही आले होते) मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आज मी उठेन तेव्हा ग्रुप उठेल." आणि खरंच तसंच झालं. फाटक बंद होण्याची घाई नव्हती, संध्याकाळी जिथे पोचायचं तिथेच झोपायचं होतं. शिवाय मानेभंज्यांगला गाइड घ्यावाच लागतो. आमचा गाइड पन्नाशीचा होता आणि स्वतःहून सगळ्यात मागे चालायचा. घाई केली नाही त्याने कधी. पुढे कोण किती गेलं याची त्याला फिकीरच नव्हती.

आणि सगळ्यात मोठा दिलासा म्हणजे वाटेला समांतर, किंबहुना बरीचशी वाट म्हणजेच, गाडीरस्ता आहे. एखाद्याचं अंग मोडलं तर जीप बोलवायची. आमच्यातल्या एका काकूंनी दुसऱ्या दिवशी गैरीबासपासून जीप केली आणि कालीपोखरीला आमच्याआधी पोचून सगळ्यांसाठी आल्याचा चहा सांगून ठेवला. परतताना श्रीखोल्याचा उतार बरेच ग्रुप घेतात. गुडघेवाल्यांनी त्या मोहात पडू नये. आम्ही जीपने उतरलो. हाडं खिळखिळी झाली, गुडघे शाबूत राहिले.

पण हाच रस्ता त्या ट्रेकचा दोषही आहे, हे सांगितलं नाही तर सौ. मला घरात घेणार नाही. तिच्या मते जिथे मागून हॉर्न वाजतो त्याला ट्रेक म्हणू नये. धूळ उडते, डिझेलचा वास येतो, जागोजागी सिमेंट आहे. व्हॅलीत शिरल्यावर जी शांतता मिळते, नदीचा आवाज सोडला तर काही नाही, ती इथे तुकड्या-तुकड्यांनी मिळते. तिचं म्हणणं मला पटतं. फक्त मला त्या शांततेत बसायला मिळालं नव्हतं.

आणखी एक, झोपेचं. घांघरिया तीन हजार मीटरच्या आसपास, सांदकफूचा मुक्काम त्याहून पाच-सहाशे मीटर वर. रात्री मी दोनदा दचकून उठून बसलो, श्वास कमी पडल्यासारखा. पहाटेपर्यंत बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत त्यांनी दोन्हीकडे जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, पण सांदकफूआधी जरा जास्तच. मुंबईत समुद्राच्या पातळीवर राहून उंचीचा सराव होत नाही. पायांचा मात्र होतो. आम्ही बोरिवलीच्या फाटकापासून कान्हेरीपर्यंत दर रविवारी चालायचो आणि बिल्डिंगचे जिने चढण्यापेक्षा उतरायचोच जास्त, कारण दुखतं ते उतरताना.

त्या थंड पहाटे काय दिसलं ते सांगतो. आधी कांचनजुंगा तांबूस झाली, मग तिच्या डावीकडे कुंभकर्ण शिखर. सगळी रांग मिळून आडवा झोपलेला बुद्ध दिसतो म्हणतात, आणि खरंच दिसतो, नाक-कपाळासकट. पश्चिमेला लांब ल्होत्से, एव्हरेस्ट आणि मकालू एकमेकांना खेटून. दोन सकाळींपैकी एकच अशी मिळाली, दुसरी पूर्ण ढगात गेली. लाल पांडा या जंगलात आहे, आम्हाला फक्त त्याचे फलक दिसले.

खर्चात फार अंतर पडलं नाही. व्हॅलीत घोडे आणि हमालांचे पैसे वर गेले, सांदकफूत विमान महाग पडलं. जेवणाबद्दल तक्रार कुठेच नाही, फक्त सकाळच्या पोह्यांवर ओलं खोबरं हवं असेल तर घरीच बसा.

तेव्हा तुम्ही ग्रुपच्या पुढच्या निम्म्यात चालत असाल, पावसात भिजून चिडत नसाल आणि फुलांचं वेड असेल, तर व्हॅलीला जा, माझं ऐकू नका. हेमकुंडाचा पुण्यसंचय वेगळाच. शेपटाला चालत असाल तर मी तरी सांदकफू म्हणेन. आणि कुठेही जा, पैसे भरण्याआधी आयोजकाला एवढं विचारा, "शेवटचा माणूस पोचल्यावर त्याला बसायला किती वेळ देता?" मी सांदकफूआधी तिघांना विचारलं होतं. पहिला हसून म्हणाला, "काका, तुम्ही मागे राहणारच नाही!" दुसऱ्याला प्रश्नच कळला नाही. तिसरा म्हणाला, "दहा मिनिटं, तो टेकल्यापासून मोजून." पैसे तिसऱ्याला दिले.

सांदकफूसाठी भाऊबीज उरकली की निघा. १५ जून ते १५ सप्टेंबर उद्यान बंद असतं आणि ऑक्टोबरात पूजेची गर्दी उसळते.

सौ. चा बेत वेगळाच आहे. व्हॅलीचा परवाना तीन दिवस चालतो, हे तिला आता कळलंय. येत्या ऑगस्टात ग्रुपबिप नको, आपण दोघंच जाऊ, घांघरियाला तीन-चार रात्री राहू, रोज आत जाऊ, असं तिचं चाललंय. बघू म्हणालोय मी. फाटकापासून लेगच्या थडग्यापर्यंत किती वाजता पोचता येईल याचा हिशेब तिने दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर मांडून ठेवलाय. त्यात बसायचे चार थांबे आहेत, पंधरा-पंधरा मिनिटांचे.