बंदोबस्त की समजूत?

२६/११ नंतर मुंबईला फोर्स वन हे राज्य पोलिसांचं कमांडो पथक मिळालं, एनएसजी या राष्ट्रीय कमांडो दलाचं केंद्र आलं. हवंच होतं, गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे नुसत्या लाठीनिशी कसाबच्या रायफलला भिडले होते.

पण बंदोबस्त हल्लेखोराला अडवतो, तो घडतो कसा याला हात घालत नाही. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण आयसिससाठी इराकला गेले. पुढे अशा वाटेवरच्या पोरांसाठी राज्याच्या एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, आईवडील, मौलवींना सोबत घेऊन समुपदेशन सुरू केलं. हे काम संथ, टळलेला स्फोट मोजता येत नाही. तरी माझा कौल यालाच जास्त. धरपकडीतली चूक फार महाग पडते: ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतल्या बाराही आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निर्दोष ठरवलं. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मृतांचे नातेवाईक अजून खऱ्या गुन्हेगाराचं नाव विचारताहेत.